चार मिलिमीटर

२० डिसेंबर
वर्कशॉप, दुपारचे सव्वाबारा, सावलीत चौतीस अंश

छोट्या मिस्त्रीस,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही. फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुला ठाऊकच आहे. आई अर्धा तास बोलते, मग फोन माझ्या कानाला लावते. मी विचारतो, "थंडी कशी आहे?" तू म्हणतेस, "आहे." तू विचारतेस, "ऊन?" मी म्हणतो, "आहे." हवामान खात्यातल्या दोन कारकुनांनी बोलावं तसं. म्हणून कागद घेतला. कागदावर निदान खोडता तरी येतं.

तुझ्या कॉलेजला सहा जानेवारीपर्यंत सुट्टी आहे आणि तू याही वर्षी तिथेच राहणार आहेस, असं आईकडून कळलं. कारण मी विचारलेलं नाही. तुझ्या खोलीचं दार फुगून अडकत होतं, ते उतरवून रंधा मारून नीट केलंय, एवढं कळवून ठेवतो. आता एका बोटानं उघडतं.

इथली बातमी अशी. कॉलेज परवा बंद झालं. हॉस्टेलात नऊ पोरं-पोरी उरली आहेत. कोणाचं घर फार लांब, कोणाला तिकीट मिळालं नाही, आणि दोघांना तिकीटही मिळालंय नि घरही जवळ आहे, तरी राहिलीत. त्यांनाही मी कारण विचारलेलं नाही. रेक्टरबाईंनी फळ्यावर 'सुट्टीतले उपक्रम' म्हणून कागद लावलाय. सकाळी ऊन चढायच्या आत पोहणं. आवारातले बाक रंगवणं. फाटकाजवळच्या झाडांवर दिव्यांच्या माळा. गच्चीवर पडद्यावर सिनेमा, एकदा सगळ्यांनी मिळून केलेलं जेवण. आणि एकतीस तारखेला दुपारी चार वाजता, मागच्या तळ्यात होड्यांची शर्यत. होडी गोदामातल्या भंगारातूनच बांधायची, एका होडीत दोघं. शेवटची ओळ: 'तांत्रिक देखरेख - वर्कशॉपचे मिस्त्री.'

मला न विचारता. मी गेलो जाब विचारायला. बाई म्हणाल्या, "पोरं बुडता कामा नयेत, एवढंच बघा. बाकी त्यांचं त्यांना करू द्या."

"बाकी म्हणजे नेमकं काय?"

"बाकी म्हणजे बाकी सगळं, मिस्त्री."

काल बांबू घेऊन नऊ ठिकाणी तळ्याची खोली मोजली. सर्वांत जास्त चार फूट सात इंच. बुडायचंच म्हटलं तर बसून बुडावं लागेल.

जाता जाता एक. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातला तुझा तो लाकडी पूल अजून मनात असेल तर सांगतो, मी त्याला फक्त पॉलिश केलं होतं. तेव्हाही हेच सांगितलं होतं.

- बाबा


२३ डिसेंबर
वर्कशॉप, सकाळचे दहा

छोट्या मिस्त्रीस,

पहिलं पत्र आज तुझ्या हाती पडलं असेल, तेव्हा उत्तराची वेळ अजून झालेली नाही. हे मला कळतं. तुझ्या आईला कळत नाही. ती रोज विचारते, "आलं का?" आणि मी लिहायला बसलो की, "लेकीला पत्र लिहिताय की टेंडर भरताय? पट्टी कशाला हवी समास पाडायला?" समास पाडल्याशिवाय मला लिहिता येत नाही, त्याला मी काय करू.

होड्यांचं काम वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याखाली चाललंय. चार होड्या. पहिली ट्रकच्या ट्यूबांची, दुसरी जुन्या दारांची (तरंगते, पण दारासारखीच), तिसरी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची. बाटल्या तीनशे चाळीस. पोरं म्हणतात चारशे, मी मोजल्या आहेत. नवव्या पोराला बाईंनी शिट्टी देऊन पंच केलंय. त्याला आता सगळे शिट्टीच म्हणतात. जेवायला बसायचं असलं तरी वाजवतो.

मला ही पोरं 'मायक्रोकाका' म्हणतात. तोंडावर. खिशातली सहा इंची पोलादी पट्टी बघून ठेवलंय नाव. वाईट नाही. वर्गात पाऊल न टाकता मायक्रोमीटर वाचायला शिकलेला माणूस या आवारात एकच आहे.

खरं काम चौथ्या होडीचं चाललंय. निळी पिंपं दोन, मधे बांबूचा सांगाडा, वर बसायला आडवी फळी, शेजारी शेजारी बसून वल्हवायचं. बांधणारी एक डावखुरी मुलगी आहे, अंगानं काडी, हात चिवट. जोडीला गोलू. गोलू नावाला शोभेल असाच आहे. गाठी तिच्या बघण्यासारख्या. पण फळी! फळी मधोमध नाही. डावीकडे साडेतीन इंच सरकलेली. साडेतीन, छोट्या मिस्त्री! लांबून डोळ्यांना दिसतं. काल दिवसभर मी त्या फळीकडे पाठ करून लेथवर उभा होतो, तरी पाठीला दिसत होती.

तुझी आई म्हणाली, "चष्मा काढून ठेवा."

हे तुला का सांगतोय ते माझं मलाच नीट कळत नाही. पुलाबद्दल मागच्या पत्रात लिहिलं ते अगदी पूर्ण नव्हतं. पॉलिश केलं होतं, आणि तीन सांधे सैल वाटले ते पुन्हा बसवले होते. तीनच.

दाराबद्दल आईनं तुला काही सांगितलं असेल तर लक्ष देऊ नकोस.

- बाबा


२६ डिसेंबर
घर, दुपारचे तीन

छोट्या मिस्त्रीस,

आज सकाळी होड्या पहिल्यांदा पाण्यात घालायच्या होत्या. जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मी त्यातलं काही गाळीन.

काल दुपारी पोरं जेवायला गेली. स्वयंपाक त्यांनीच केला होता, भात खालून जळला होता, तरी हसण्याचा आवाज वर्कशॉपपर्यंत येत होता. मी पत्र्याखाली एकटा होतो. अर्धा तास. डावखुरीच्या गाठी सोडल्या, फळी मधोमध आणली, दोन्हीकडून पट्टी लावून खात्री केली, आणि तिच्याच पद्धतीच्या गाठी पुन्हा मारल्या. इतक्या हुबेहूब की तिलाही कळल्या नाहीत. याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

आज सकाळी आठ वाजता ती दोघं होडीत बसली. काठावर बाकीची सात, रेक्टरबाई आणि मी. होडी काठापासून सहा फूट गेली आणि गोलूच्या बाजूला कलली. गोलू म्हणाला, "अगं, हे काय?" आणि सावकाश, अगदी गादीवर लवंडावं तसा, पाण्यात गेला. पाठोपाठ ती. पाणी कमरेएवढं, ऊन छान, सगळे खो-खो हसले. शिट्टीनं शिट्टी वाजवली. गोलू पाण्यात उभा राहून म्हणाला, "तळं भरलं, आता बाकीच्यांना जागा नाही."

ती हसली नाही. तिनं होडी उलटी केली, फळीवर वीत ठेवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग म्हणाली, "ही हलवलीय कोणीतरी. मी मुद्दाम डावीकडे बांधली होती. गोलू जड आहे, मी हलकी. तो मधाजवळ बसायला हवा, मी लांब. तीन दिवस पिंपावर बसून बसून जागा काढली होती आम्ही."

लंब्या म्हणून एक आहे, बाटल्यांच्या होडीवाला, तो म्हणाला, "तूच चुकली असशील. आता फळीला पाय फुटले म्हणतेस!"

"मी चुकले नाही."

"मग भुतानं हलवली?"

सगळे पुन्हा हसले. ती एकटी पाण्यात उभी, केस तोंडावर, आणि तेच ते पुन्हा सांगत होती, मी चुकले नाही, मी चुकले नाही. छोट्या मिस्त्री, मी हे आधी पाहिलं होतं. याच आवारात, दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मुलीच्या तोंडून. त्या वेळीही मी असाच मागे उभा होतो.

मी म्हणालो, "मी हलवली."

कोणाला ऐकूच गेलं नाही. म्हणून बूट न काढता पाण्यात उतरलो आणि मोठ्यानं सांगितलं. "फळी मी सरकवली. काल, तुम्ही जेवत असताना. ती चुकलेली नाही. मी चुकलो."

शिट्टीनं तोंडातली शिट्टी काढून खिशात घातली. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"विचारायचं ना, काका," ती म्हणाली. बस, एवढंच.

बूट वाळत घातले आहेत. आईनं पंखा माझ्या बाजूला वळवला.

- बाबा


२७ डिसेंबर
कॉलेजचं वाचनालय, सकाळचे साडेअकरा

छोट्या मिस्त्रीस,

वाचनालय सुट्टीत अर्धा दिवस उघडं असतं. ग्रंथपालांनी विचारलं, "मिस्त्री, आज मोटारींचं की पंपांचं?" मी म्हणालो, "पुलांचं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि जाड पुस्तक काढून दिलं. दोन तास झाले वाचतोय. पान एकशे अठरा.

आता सगळं लिहितो. हे पत्र खोडाखोड न करता जाईल.

पूल मी पॉलिश केला नव्हता. तीन सांधे बसवले नव्हते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तू घरी गेलीस, आणि मी पाणसळ घेऊन तुझा पूल तपासला. मधोमध चार मिलिमीटर वर उचललेला निघाला. मी मनात म्हटलं, मिस्त्रीच्या पोरीचा पूल वाकडा! उद्या बाहेरचे परीक्षक येणार, आणि सगळं कॉलेज म्हणणार, हिचा बाप बावीस वर्षं इथं लोखंड सरळ करतोय, आणि हिला चार काड्या सरळ जोडता येत नाहीत. म्हणजे मला तुझी काळजी नव्हतीच. माझी होती. सगळा पूल उकलला. छप्पन पट्ट्या नव्यानं कापल्या, नव्यानं जोडला. इकडून तिकडे दोरी धरावी असा सरळ.

सकाळी परीक्षकांनी विचारलं, "हा सांधा कसा केलास?" तू पुलाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "हा मी केलेला नाही. माझा असा नव्हता." आणि त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, तुम्ही हात लावलात का याला?"

मी म्हणालो, "नाही साहेब. नुसतं पॉलिश केलं. घाबरलीय पोरगी."

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तुला वाचवायला तसं बोललो. काल पाण्यात उभं राहिल्यावर कळलं की तू खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. सांधा कसा केला ते सांगता येत नाही म्हणून त्यांनी तुला शून्य दिलं, ते माझ्या पुलाला नव्हे, माझ्या त्या एका वाक्याला. पुढं तू चौदा तासांच्या अंतरावर दुसरं कॉलेज शोधलंस आणि मी लोकांना सांगत राहिलो, तिकडे शिक्षण चांगलं आहे.

आज सकाळी विभागप्रमुखांच्या घरी जाऊन हेच त्यांना सांगितलं आणि लिहूनही दिलं. ते म्हणाले, "मिस्त्री, आता गुण बदलता यायचे नाहीत." मी म्हणालो, गुणांसाठी नाही, फायलीत एक खोटं वाक्य माझ्या नावावर आहे, त्याच्यावर हा कागद लावा.

आता पान एकशे अठरा. इथं लिहिलंय की पूल बांधताना मध्यभागी तो किंचित वर उचललेला ठेवतात. रिकामा असताना वाकडा दिसतो. वजन आलं की खाली बसतो, आणि तेव्हा सरळ होतो. हे मला माहीत नव्हतं. पुन्हा लिहितो, कारण पहिल्यांदा लिहिताना पेन अडलं: हे मला माहीत नव्हतं. सरळ म्हणजे बरोबर, हे मला कोणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो, म्हणून जरा जास्तच घट्ट बसलं.

तुझ्या जुन्या पट्ट्या मी भंगारात टाकायला गेलो होतो. मूठ उघडली नाही. त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, छप्पनच्या छप्पन. ही दोन वर्षं तो डबा वर्कशॉपच्या कपाटात स्क्रूंच्या मागे होता. आईलाही माहीत नाही.

तुला मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुझा पूल चार मिलिमीटर वर होता. मुद्दाम होता का?

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं मी लिहिणार नाही. चालणार नाही. पण वाट बघणं हे माझं काम आहे, तुझं नाही.

हे पत्र जलद टपालानं टाकतोय.

- बाबा


३१ डिसेंबर
घर, संध्याकाळचे साडेसहा

छोट्या मिस्त्रीस,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू आत्ता गाडीत असशील. तुझ्या उशीवर ठेवीन.

काल सकाळी फोन वाजला तेव्हा आईनं नेहमीसारखं, "जेवलीस का? स्वेटर घालतेस का?" सुरू केलं आणि मधेच थांबली. माझ्याकडे फोन असा धरला जणू गरम तवा आहे. "तुम्हाला मागतेय."

तू म्हणालीस, "हो. मुद्दाम होता."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. दोन दिवस तयारी केली होती. आणि तोंडातून निघालं काय, तर, "वजन किती धरलं होतंस?"

"पाच किलो."

"मग चार मिलिमीटर बरोबर आहे."

"माहीत आहे मला, बाबा."

आई खुणांनी विचारत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय. शेवटी मी आपलं नेहमीचं विचारलं, थंडी कशी आहे. तू म्हणालीस, "फार आहे, बाबा. मी येते."

फोन ठेवल्यावर मी बाहेर जाऊन सायकलची चेन साफ केली. ती साफच होती.

आता शर्यतीबद्दल. डावखुरीनं फळी पुन्हा तिची तिनं बांधली. मी लांब खुर्ची टाकून हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. गंमत नाही, खरंच मांडीखाली. मधे तिनं हाक मारली, "मायक्रोकाका, हे टोक धरता का?" मी धरलं. "ओढू?" म्हणून विचारलं. "नको, नुसतं धरा." नुसतं धरणं इतकं अवघड असतं हे मला या वयात कळलं.

चार वाजता शिट्टी वाजली. ट्यूबांची होडी गोल गोल फिरत राहिली, दोघं एकमेकांना, "तू उलटं मारतोयस!" म्हणत होते आणि दोघंही उलटंच मारत होते. दारांची मधेच थांबली, हलेना. लंब्याची बाटल्यांची सर्वांत पुढे होती आणि शेवटच्या वीस फुटांत तिची जाळी सुटली. तीनशे चाळीस बाटल्या तळंभर पसरल्या आणि मधे लंब्या छातीपर्यंत पाण्यात. डावखुरी आणि गोलू सरळ जिंकणार होते. काठावरून सगळे ओरडत होते, "चला! चला!" ती म्हणाली, "गोलू, थांब," आणि होडी वळवून लंब्याजवळ नेली.

"बस," ती त्याला म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या बाजूला, अगदी टोकाला. मी हिशेब करून ठेवलाय."

तिघं मिळून आले. होडी कणभर कलली नाही. कोण जिंकलं यावर शिट्टी अजून भांडतोय, कारण नियमात दोघंच म्हटलंय. रेक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "काय मिस्त्री, तांत्रिक मत?" मी म्हणालो, "माझं मत त्यांना विचारून देतो." बाई मोठ्यानं हसल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

आत्ता गच्चीवर त्यांचा सिनेमा चाललाय, दिव्यांच्या माळा झाडांवर लागल्या आहेत. एक दिवा लागत नाही. तिसऱ्या झाडावर, वरून सातवा. ज्यांनी माळ लावली त्यांना सांगितलंय. ते बघतील.

तुला मी उद्या स्टेशनवर घ्यायला येणार आहे. गाडी नऊ दहाची, मी साडेआठला तिथं असेन. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ते सगळं होऊन गेलेलं असेल आणि मी काय बोललो, काय नाही, ते तुला माहीत असेल. काहीच बोललो नसेन तर वरचं सगळं बोललो असं धर.

- बाबा


२ जानेवारी
घर, सकाळचे सात

छोट्या मिस्त्रीस,

तू झोपली आहेस म्हणून चिठ्ठी. चहा आईकडे माग.

डबा टेबलावर आहे. पट्ट्या छप्पन. त्यातल्या एकीला चीर गेलीय, उकलताना माझ्याच हातून. चिकटवलेली नाही. सरसाची बाटली खिडकीत आहे. पाच किलोचं वजन किराणावाल्याकडून मागून आणलंय, त्याला संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे. तुला आज जोडायचा नसेल तर नको जोडूस. मी वजन परत देऊन येईन आणि उद्या पुन्हा मागेन. तो मला वेडा समजतोच.

तुझ्या दाराचं. आईनं तुला सांगितलंच असणार, तरी मी सांगतो. रंधा जास्त बसला. आता ते एका बोटानं काय, वाऱ्यानंसुद्धा उघडतं. खाली कागदाची घडी लावून ठेव. नवीन पट्टी मारून देऊ का? विचारतोय.

मी वर्कशॉपमध्ये आहे. सहापर्यंत येत नाही. हाक मारलीस तर लगेच येईन, दहा मिनिटांचं तर अंतर आहे. नाही मारलीस तरी सहाला येईन, आणि पूल जसा असेल तसा बघेन.

खिशातली पोलादी पट्टी इथंच ठेवून जातोय. तुला लागली तर.

- बाबा